ॲडमिट होऊन घरी आलेले बाबा आता कुठल्या पायरीवर आहेत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही नोकरीसाठी पुण्यात, आईबाबा सोलापुरात. बाबा ७६ वर्षांचे. चाळीस वर्षं मागावर काम केलं, बिडी दहा वर्षांपूर्वी सुटली. दम लागतो, शुगर आहे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या इकोत हृदयाचं पंपिंग ३० टक्के आलं. गेल्या दीड वर्षात चार वेळा ॲडमिट झाले, चारही वेळा बरे होऊन घरी आले. मधल्या काळात तुमच्या आत्याला तोंडाचा कॅन्सर निघाला आणि त्या पाच महिन्यांत गेल्या. आजी मात्र तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. समोरचे काका रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. तुम्ही विचारताय, "बाबांचं यातलं कसं होणार? अजून किती दिवस? डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत. दादा म्हणतो पुण्याला हलवू, आई म्हणते आता नका त्यांना त्रास देऊ."

मी फिजिशियन आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, माग आणि बिडीच्या वस्तीत, २६ वर्षं दवाखाना चालवते. "अजून किती दिवस" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, तोही पेशंटला बाहेर बाकावर बसवून, दार अर्धवट लोटून. दिवस मोजून सांगायला गेले तेव्हा मी बहुतेक वेळा चुकले आहे. महिनाभर काढतील की नाही असं ज्यांच्याबद्दल वाटलं त्यांनी नातवाच्या लग्नात अक्षता टाकल्या, आणि ज्यांची मला काळजी नव्हती ते आठ दिवसांत गेले. पण माणूस कुठल्या वाटेवर आहे, हे मात्र बऱ्याच वेळा सांगता येतं. तुमच्या घराला आज तेच कळायला हवं आहे, कारण पुण्याला न्यायचं की नाही, आईचं ऐकायचं की दादाचं, हे सगळं त्यावर ठरतं. बाबांना मी तपासलेलं नाही, इको पाहिलेला नाही, किडनीचे रिपोर्ट माहीत नाहीत. त्यामुळे पुढचं वाचताना जिथे जिथे "बाबांच्या बाबतीत असं असेल तर" असा प्रश्न पडेल, तिथे तो त्यांच्या डॉक्टरांना विचारायचा आहे.

आधी वयाबद्दल बोलते. "सरासरी आयुष्य सत्तर, बाबा शहात्तर, म्हणजे वरची सहा वर्षं बोनस" असं तुमच्या दादांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. हा हिशेब चुकीचा आहे आणि तो घराघरांत नुकसान करतो. ते सत्तर जन्मलेल्या सगळ्यांचं सरासरी असतं. त्यात बाळपणीच गेलेली मुलं येतात, तरुणपणी अपघातात गेलेली माणसंही येतात. आपल्या देशात जो माणूस साठीला पोहोचला, तो तिथून पुढे सरासरी अठराएक वर्षं जगतो. शहात्तराव्या वर्षीसुद्धा पुढे काही वर्षं असतातच. म्हणून "वय झालं" हे मी कधी निदान म्हणून मान्य करत नाही. एका एक्क्याऐंशी वर्षांच्या बिडी कामगार आजींना घरच्यांनी "आता वय झालंय, काही खात नाहीत, बोलत नाहीत" म्हणून शेवटचं बघून घ्या अशा बेताने आणलं होतं. त्यांच्या रक्तातलं सोडियम खूप उतरलं होतं, ब्लड प्रेशरच्या एका गोळीमुळे. गोळी बदलली, चार दिवस काळजीपूर्वक सोडियम वर आणलं आणि पाचव्या दिवशी त्या माझ्याशी भांडल्या की मला इथे का ठेवलंय. त्यानंतर त्या साडेतीन वर्षं घरी होत्या, शेवटचे दोन महिने सोडले तर स्वतःच्या पायांवर.

आता वाटा. म्हातारपणी माणसं जातात ती साधारण चार प्रकारे जातात, आणि योगायोगाने तुमच्या घराभोवती चारही दिसल्या आहेत.

समोरचे काका गेले ती पहिली. शेवटच्या दिवसापर्यंत हिंडतंफिरतं शरीर, मग एकदम सगळं थांबतं. मोठा हार्ट ॲटॅक, हृदयाची लय बिघडणं, मेंदूत मोठा रक्तस्राव. सगळ्यांना हेच मरण हवं असतं, पण म्हातारपणी ते फार थोड्यांच्या वाट्याला येतं. शिवाय "अचानक गेले" म्हणतात त्यातले बरेच अचानक गेलेले नसतात. कुणी गेल्यावर घरच्यांशी शांतपणे बसून बोललं की बाहेर येतं: दोन महिने जिना चढताना थांबायचे, उशी दोन घ्यायला लागले होते, छातीत जळजळतंय म्हणून मेडिकलमधून गोळी आणत होते. आपल्या देशात बहुतेक मृत्यूंवर डॉक्टरांनी लिहिलेलं कारण नसतं. म्हणूनच भारतात दहा लाख मृत्यूंचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात कार्यकर्ते घरोघरी जाऊन नातेवाइकांना शेवटच्या आजाराची हकिगत विचारत आणि त्यावरून डॉक्टर कारण ठरवत. आणि जिथे दाखला असतो तिथे "हृदयक्रिया बंद पडून" असं लिहून मोकळं होतात. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ती कशामुळे पडली ते दाखल्यावर लिहायचं असतं, म्हणजे घरातल्या पुढच्या पिढीला आपल्याला काय तपासायला हवं ते कळतं. समोरच्या काकांच्या मुलाला सांगा, चाळिशी ओलांडली असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल एकदा बघून घे.

आत्यांची वाट दुसरी, कॅन्सरची. तिची रीत अशी की निदान झाल्यावरही माणूस बराच काळ चांगला दिसतो. स्वयंपाक करतो, बाजारात जातो, लोक म्हणतात काही झालंय असं वाटत नाही. मग एका टप्प्यावर शक्ती भराभर ओसरते आणि काही आठवड्यांत, फार तर दोनतीन महिन्यांत सगळं आटोपतं. आमच्याकडे मिश्री आणि तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर बायकांतही खूप दिसतात, आणि गाल आतून पांढरा पडलेला, तोंड दोन बोटंच उघडतंय, तिखट झोंबतंय, इथपर्यंत आल्यावरही महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चघळल्या जातात. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवलीच पाहिजे. या वाटेवर घसरण सुरू झाली की ती बहुधा थांबत नाही, म्हणून बोलायचं ते माणूस चालताबोलता असतानाच बोलून घ्यायचं असतं. वेदनेला मॉर्फिन असतं. २०१४ साली कायद्यात बदल झाल्यापासून ते मिळणं सोपं झालंय. तरीही "मॉर्फिन म्हणजे शेवट" या भीतीने लोक नको म्हणतात आणि पेशंट रात्र रात्र तळमळतो. आत्यांना ते मिळालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळालं असेल अशी आशा करते.

तिसरी वाट बाबांची आहे. तिच्याबद्दल जास्त लिहिते.

हृदय, फुप्फुस, किडनी, लिव्हर यांतलं काही हळूहळू निकामी होत असेल तर माणूस पायऱ्यांनी उतरतो. मधे बरेच दिवस एकाच पायरीवर असतो, मग एक झटका येतो. रात्री दोनला धाप, ओठ काळेनिळे, रिक्षा, ऑक्सिजन, आयसीयू. चार दिवसांनी सुधारतो, आठव्या दिवशी घरी येतो. घरचे म्हणतात, "बरे झाले." डिस्चार्ज कार्डावरही "प्रकृती सुधारली" असंच असतं, आणि ते खोटं नसतं. पण पूर्वीच्या पायरीवर ते परत आले का, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा एक पायरी खाली येऊन थांबलेले असतात. तुम्ही लिहिलंय, "चारही वेळा बरे झाले." मला त्याच्या पुढचं वाक्य हवंय.

ते काढायची माझी एक पद्धत आहे. लोकांना महिने आठवत नाहीत, पण सोलापुरात प्रत्येकाला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, आठवतो. म्हणून मी विचारते, "गेल्या गड्ड्याला कुठवर गेला होता?" एका मागवाल्या काकांच्या मुलीने मला असं सांगितलं होतं: तीन वर्षांपूर्वी नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर थोडं अंतर चालले, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला उभे राहिले. पुढच्या वर्षी रिक्षाने होम मैदानापर्यंत गेले, एका पाळण्याजवळ बसून राहिले. गेल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. यंदा खिडकीतून आवाज ऐकला. इतकं सांगता सांगता ती मुलगी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं, मला काहीच बोलावं लागलं नाही. तुम्हीही आईजवळ बसून हेच करा. चार डिस्चार्ज कार्डं तारखेने लावा आणि दर दोन कार्डांच्या मधे लिहा: तेव्हा आंघोळ स्वतः करत होते का, संडासला जाऊन आल्यावर बोलता येत होतं का, भाकरी किती खात होते, रात्री आडवं झोपता येत होतं का की बसूनच. पहिल्या आणि दुसऱ्या ॲडमिशनमधलं अंतर नऊ महिन्यांचं आणि तिसऱ्या-चौथ्यातलं दोन महिन्यांचं असेल, तर तेही लिहा. झटके जवळ येणं हे मोठं लक्षण आहे.

इथे एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण पायऱ्या मोजायला लागलं की लोक एकदम हताश होतात. प्रत्येक उतरलेली पायरी आजाराने उतरवलेली नसते. माझ्या अनुभवात त्यातल्या कितीतरी आपण उतरवलेल्या असतात आणि त्या परत चढता येतात.

पहिलं, अंथरूण. म्हातारा माणूस दहा दिवस आडवा राहिला की मांड्यांचं मांस इतकं झरतं की त्याला खुर्चीतून उठता येत नाही. मग घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, आराम करू द्या," आणि आरामानेच तो आणखी अशक्त होतो. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवसातून पाचसहा वेळा खुर्चीतून हात न टेकता उठणं, धरून का होईना पण दारापर्यंत चालणं, आणि ताटात रोज डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असेल तर डाळ-अंडं किती ते डॉक्टरांना विचारून. भाताची पेज आणि ग्लुकोजच्या पाण्यावर मांस परत येत नाही. दुसरं, दुखण्याच्या गोळ्या. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी अशक्त हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी धरते आणि किडनीला मारते. बाबांच्या वयाच्या माणसाची पायावरची सूज एकाएकी वाढली की मी सगळ्यात आधी औषधांची पिशवी उलटी करायला सांगते. तिसरं, मीठ. आपली शेंगाचटणी, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या. आई म्हणतील, "भाजीत मीठ कमीच घालते हो," आणि ते खरंच असतं, पण मीठ ताटाच्या डाव्या बाजूने जातं.

चौथं, पंप. दम्याचा पंप वापरणाऱ्याला मी समोर वापरायला लावते. अर्ध्याहून जास्त लोक तो तोंडासमोर धरून दाबतात आणि औषध जिभेवर आणि हवेत जातं. वर्षानुवर्षं. प्लास्टिकची नळकांडी मिळते, स्पेसर म्हणतात, ती लावून दाखवली की काहींचं दर पंधरा दिवसांनी वाफ घ्यायला येणं बंद होतं. बाबांनी चाळीस वर्षं सुताची धूळ ओढलीय आणि वरून बिडी, त्यामुळे त्यांचा दम हा हृदयाचा किती आणि फुप्फुसाचा किती, हे एकदा नीट वेगळं करून घ्यायला हवं. दोन्हीची औषधं वेगळी. घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचं का असं तुम्ही विचारलंय. नुसता दम लागतो म्हणून घेऊ नका. स्वस्थ बसलेले असताना ऑक्सिजन सतत ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर दिवसाचे निदान पंधरा तास तो लावल्याने आयुष्य वाढतं. ९३-९४ असताना लावून काही वाढत नाही, फक्त विजेचं बिल येतं आणि माणूस नळीला बांधला जातो.

आणि उन्हाळा. याबद्दल मला माझीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर होता, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका आजोबांना दोन दिवस जुलाब झाले होते. हृदय अशक्त म्हणून पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी गोळी, मीच चालू केली होती, आणि उन्हाळ्याआधी त्या घरात कुणालाही मी सांगितलं नव्हतं की जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी मला फोन करा, गोळी कमी करावी लागेल. त्यांनी इमानेइतबारे गोळी दिली. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा लघवी बंद होती, भान नव्हतं. दवाखान्यातून घरी गेले ते आडवेच, आणि पावसाळा लागायच्या आत गेले. तेव्हापासून मार्च लागला की पाण्याच्या गोळीवर असलेल्या प्रत्येक घराला मी हे एकदा सांगते आणि कागदावर लिहून देते. तुम्हीही बाबांच्या डॉक्टरांना विचारून घ्या: उन्हाळ्यात पाणी किती, गोळी किती, आणि कशा वेळी फोन करायचा. वजनकाटा घ्या. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन, कॅलेंडरवरच लिहायचं. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी असतं, आणि धाप लागायच्या आधी कळलेलं असतं. बाबांचे दोन झटके तरी यानेच टळले असते असं मला वाटतं.

शुगरचंही थोडक्यात. या वयात साखर जरा वरच राहिलेली परवडते, घसरलेली परवडत नाही. जेवण निम्म्यावर आलंय आणि गोळ्या दहा वर्षांपूर्वीच्याच, असं असेल तर पहाटेचा घाम आणि बडबड ही साखर उतरल्याचीही असू शकते. लसी: फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याआधी घेतलेली बरी, आणि न्यूमोनियाची. दीड वर्षात चार वेळा ॲडमिट झालेल्या माणसाला या दिलेल्या नसतील तर आधी त्या द्या.

आजींची वाट चौथी. तिथे कुठलाच एक अवयव मोठा बिघडलेला नसतो, सगळंच थोडंथोडं झिजत जातं. वजन उतरतं, चाल मंदावते, विसराळूपणा वाढतो, लुगडं नेसायला मदत लागते. वर्षं जातात. मग एक छोटी गोष्ट होते आणि ती झेपत नाही. आमच्या शहरात ती छोटी गोष्ट पुष्कळदा नळाच्या पाण्याच्या दिवशी घडते. चारपाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला. सगळं घर धावपळ करतं, मोरी आणि अंगण ओलं होतं, आणि आजी "मी पण एक कळशी भरते" म्हणून उठतात. खुबा मोडतो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत चारपाचांपैकी एक तरी वर्षाच्या आत जातो, आणि जगलेल्यांतले बरेच पूर्वीसारखे चालत नाहीत. ऑपरेशन शक्य तर दोन दिवसांत व्हावं, "वय झालंय, ऑपरेशन कशाला" म्हणून झोपवून ठेवणं जास्त धोक्याचं. तुमच्या घरी आता आई आहेत. पाण्याच्या दिवशी कळशी कोण उचलतं, ते बघा. काळजी घेणाऱ्या बायका स्वतः कधी झिजायला लागल्या ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तुमचे दोन कठीण प्रश्न.

पुण्याला न्यायचं का? दादांना विचारा, "तिथे असं काय होईल जे इथे होत नाही?" याला नेमकं उत्तर असेल तर जरूर न्या. उदाहरणार्थ, पंपिंग ३० टक्के का झालं याची अँजिओग्राफी कधी झालीच नसेल, झडपेचा बिघाड असेल, लय बिघडून जीव जाण्याचा धोका असेल आणि त्यासाठी बसवायच्या यंत्राचा विचार करायचा असेल. किंवा हृदय अशक्त असलेल्यांना आज चार गटांची औषधं देतात, ती चारही चालू आहेत का, नसतील तर का नाहीत, हे एका हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं असेल. यातलं बरंचसं सोलापुरातही होतं. पण न्यायचंच तर बाबा बरे असताना, दिवसा, फाइल घेऊन न्या. रात्री झटका आल्यावर ॲम्ब्युलन्समध्ये घालून अडीचशे किलोमीटर नेणं मी अनेकदा पाहिलंय. त्यातले काही टेंभुर्णी-इंदापूरच्या दरम्यान, घरातलं एकच माणूस शेजारी असताना गेले. आणि "तिथे मोठे डॉक्टर आहेत" एवढंच उत्तर येत असेल, तर ती दादांची काळजी बोलतेय. ती काळजी मोठी आहे, तिच्याशी भांडू नका, पण तिच्यावर निर्णय ठरवू नका. पैशांचं म्हणाल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. बाबांचं कार्ड आजच काढा. आयसीयूच्या दारात आईचं डोरलं मोडायची वेळ येऊ नये.

दुसरा प्रश्न आईंचा. त्या "नका त्रास देऊ" म्हणतात, तेव्हा त्यांनी काय पाहिलंय ते विचारा. चारही वेळा आयसीयूच्या बाहेर त्याच बसल्या होत्या. मी स्वतःला एक प्रश्न विचारते, आमच्या क्षेत्रात बरेच जण विचारतात: हा पेशंट पुढच्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का? बाबांबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावरून, प्रामाणिकपणे सांगते, मला आश्चर्य वाटणार नाही. ते दोन वर्षं राहिले तरीही वाटणार नाही. हे वाचायला जड जाईल, पण "डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत" असं तुम्हीच लिहिलंत म्हणून सांगते. डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत याचं एक कारण हेच आहे की या वाटेवर चौथ्या झटक्यातून उठलेला माणूस पाचव्यातूनही उठू शकतो, आणि नाहीही. कॅन्सरमध्ये जशी घसरण दिसते तशी इथे दिसत नाही. शेवटचा झटका आधीच्या झटक्यांसारखाच सुरू होतो.

म्हणून झटका यायच्या आधी बाबांशीच बोलायचं. मुलांशी, सुनांशी, जावयाशी बोलणं होतं, पण ज्याचं शरीर त्यालाच कुणी विचारत नाही. मी अशी सुरुवात करते, "काका, मागच्या वेळी दवाखान्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" एकदा एका म्हाताऱ्या विणकरांनी सांगितलं, "हात बांधले होते. मी चाळीस वर्षं हाताने जगलो." त्यांच्या मुलाला हे माहीतच नव्हतं. त्यांनी पुढे स्वतःच ठरवलं की ऑक्सिजन, इंजेक्शन, मास्क, सगळं चालेल, पण घशात नळी घालून मशीनवर ठेवू नका. दोन महिन्यांनी तीच वेळ आली. मुलाने ते सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता, पण त्याला ठरवावं लागलं नाही, वडिलांनी ठरवलेलं होतं. बाबा उलट म्हणतील, "सगळं करा, मला जगायचंय." मग सगळं करायचं. मी अशा पेशंटसाठीही तितक्याच हिरिरीने धावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. कागद करायचा नसेल तरी चालेल, पण तुम्ही, दादा आणि आई, तिघांनी एकाच वेळी एकाच खोलीत ते बाबांच्या तोंडून ऐकलेलं असू द्या. एकाने ऐकलं आणि दोघांना सांगितलं की आयसीयूच्या दारात भांडण ठरलेलं.

आणि मशीन नको म्हणजे उपचार नको असं नव्हे. धाप कमी करण्याची औषधं असतात, अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिनसुद्धा धाप शांत करतं. उशाशी पंखा, उंच उशा, ओले ओठ, ओळखीचा आवाज, हे घरी करता येतं. कोणते डॉक्टर घरी येऊन बघतील ते आताच विचारून ठेवा, रात्री दोनला शोधायला लागू नये.

तुम्ही शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येताय असं लिहिलंय. दादांनाही त्याच दिवशी बोलवा. गाडी रात्री पोहोचते, त्यामुळे बोलणं रविवारी सकाळी ठेवा, बाबांना त्या वेळी दम कमी असतो. त्याआधी आईला आजच फोन करून औषधांची पिशवी जमिनीवर उलटी करायला सांगा आणि प्रत्येक पाकिटाचा फोटो मागवा. गुडघ्याची गोळी त्यात सापडली, तर रविवारपर्यंत थांबू नका.